एच-इंडेक्स ५४ आणि एच-इंडेक्स २४: जैववैद्यकीय शास्त्रज्ञाची सायटेशन कशी वाचायची?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या पदासाठी, दोन प्रयोगशाळांनी होकार कळवला आहे. विषय दोन्हीकडे जवळपास एकच: मेंदूच्या आजारांत प्रथिनांची घडी कशी बिघडते. पहिल्या शास्त्रज्ञाच्या नावावर २१० पेपर, १२,००० सायटेशन (म्हणजे इतर पेपरांत त्याच्या पेपरांचे दिलेले संदर्भ) आणि एच-इंडेक्स ५४. दुसऱ्याचे पेपर ५८, सायटेशन २,६००, एच-इंडेक्स २४. मग पहिल्याचं संशोधन दुसऱ्यापेक्षा सरस, असं धरून चालायचं का?

नाही. उलटंही धरू नका. निवड समित्यांवर आणि अनुदानाच्या छाननीत अशी प्रोफाइलं पुढ्यात घेऊन बसण्यात माझी बरीच वर्षं गेली. एवढं खात्रीने सांगते की हे तीन आकडे म्हणजे पेपरांच्या एका ढिगाची बेरीज असते. ढीग फोडायचा, कोणता पेपर कोणी आणि कशासाठी सायट केला ते बघायचं, मग मत बनवायचं. दोन माणसांसाठी हे काम एका दुपारी होतं, आणि तुमची पुढची तीन-चार वर्षं त्यावर ठरणार आहेत.

आधी आकडे कुठून घेतले ते तपासा. सायटेशन मोजणाऱ्या तीन मोठ्या सूची आहेत. एकाच माणसाचे आकडे गूगल स्कॉलरवर सगळ्यात मोठे दिसतात, स्कोपसवर त्याहून कमी आणि वेब ऑफ सायन्सवर बहुतेक वेळा आणखी कमी. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या छाननीआधीच टाकलेले पेपर), परिषदांची टिपणं, संकेतस्थळांवर टाकलेल्या पीडीएफ असं सगळं मोजतं. बाकीचे दोघे मुख्यतः निवडक जर्नलं मोजतात. त्यामुळे एकाचा आकडा स्कॉलरवरचा आणि दुसऱ्याचा स्कोपसवरचा घेतला असेल तर तुलना तिथेच बाद. स्कॉलरच्या मोजणीला फसवणंही अवघड नाही. २०२४ मध्ये लॅरी नावाच्या मांजराच्या नावाने बनावट पेपर तयार करून अपलोड केले गेले आणि त्याला शंभरावर सायटेशन मिळवून दाखवली गेली. विकत मिळणारी सायटेशन किती सोपी असतात हे दाखवण्यासाठी संशोधकांनीच मुद्दाम केलेला तो उद्योग होता.

नामसाधर्म्य हा दुसरा घोळ. जुन्या नोंदींत आडनाव आणि आद्याक्षरं एवढंच असायचं, त्यामुळे एकाच नावाच्या चार माणसांचे पेपर एका प्रोफाइलमध्ये येऊन पडतात. २०१२ पासून प्रत्येक संशोधकाला ऑर्किड नावाचा स्वतंत्र ओळखक्रमांक मिळू लागल्यावर हे बरंच सुधारलं, पण जुने पेपर हाताने जोडावे लागतात आणि सगळे ते जोडत नाहीत. प्रोफाइलमध्ये मेंदूच्या प्रथिनांबरोबर मधेच मातीतल्या बुरशीवरचा पेपर दिसला तर थांबा.

आता एच-इंडेक्स. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो सुचवला. ज्यांना प्रत्येकी निदान ५४ सायटेशन मिळाली आहेत असे ५४ पेपर असतील, तर एच-इंडेक्स ५४. कल्पना सुटसुटीत आहे आणि म्हणूनच ती जगभर पसरली. हिर्शनेच त्याच लेखात असंही दाखवलं होतं की एकूण सायटेशन साधारणपणे एचच्या वर्गाच्या तीन ते पाच पट असतात. तुमच्या दोघांवर करून बघा: ५४ चा वर्ग २,९१६, त्याच्या चौपट म्हणजे साडेअकरा हजारांच्या वर. २४ चा वर्ग ५७६, त्याच्या साडेचारपट जवळजवळ २,६००. म्हणजे एकूण सायटेशन कळल्यावर एच-इंडेक्सने तुम्हाला फारशी नवी माहिती दिलीच नाही. एकाच गोष्टीचे दोन आकडे शेजारी शेजारी छापले की दोन साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं, एवढंच.

शिवाय एच-इंडेक्स कधी खाली येत नाही. माणूस निवृत्त झाला तरी तो वाढत राहतो. म्हणून पहिला पेपर कोणत्या वर्षीचा ते बघा आणि एच-इंडेक्सला तेवढ्या वर्षांनी भागा. ही सूचनाही हिर्शच्याच लेखातली. पहिला शास्त्रज्ञ ३२ वर्षं काम करत असेल आणि दुसरा १३, तर भागाकार पहिल्याचा १.७ आणि दुसऱ्याचा १.८ येतो. इतक्या मोठ्या वाटलेल्या फरकाचं असं होतं. या भागाकारालाही मी फार किंमत देत नाही, पण वयाचा परिणाम केवढा मोठा आहे हे त्यातून चटकन दिसतं.

विषयाचा आकारही बघावा लागतो. कर्करोगावर काम करणारे संशोधक असंख्य, एखाद्या दुर्मीळ स्नायुविकारावर काम करणारे मोजके. मोजक्यांमध्ये सगळ्यांनी सायट केलेला पेपरही शंभरीच्या आत राहू शकतो. यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या, म्हणजे एनआयएचच्या, गटाने २०१६ मध्ये सापेक्ष सायटेशन गुणोत्तर मांडलं. एखाद्या पेपरच्या सोबतीने ज्या पेपरांना सायट केलं जातं त्यांवरून त्याचं क्षेत्र ठरवायचं, आणि त्या क्षेत्रात एनआयएचच्या अनुदानातून आलेल्या मधल्या पेपरला १ धरून बाकीचे मोजायचे. आयसाइट या त्यांच्या संकेतस्थळावर पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीतल्या बहुतेक पेपरांसाठी ते फुकट बघता येतं. तुमच्या दोघांचे विषय सारखे असल्यामुळे हा मुद्दा इथे कमी महत्त्वाचा आहे, पण तिसरी प्रयोगशाळा समोर आली तर उपयोगी पडेल.

खरी मेख यापुढे आहे. सायटेशन नेमकी कशाला मिळतात?

विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या पेपरांमध्ये अग्रस्थानी आहे ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा पेपर: द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजण्याची पद्धत. २०१४ मध्ये नेचरने पहिल्या शंभरांची यादी केली तेव्हा त्याला ३ लाखांवर सायटेशन होती. दुसरा लेमलीचा १९७० चा, जेलवर प्रथिनं वेगळी करण्याच्या पद्धतीबद्दलचा. तिसरा ब्रॅडफर्डचा १९७६ चा, पुन्हा प्रथिनं मोजण्याचाच. तिन्ही जीवरसायनाच्या प्रयोगशाळेतल्या रोजच्या कामाचे. त्या शंभरांच्या यादीत डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा १९५३ चा पेपर नव्हता. कारण उघड आहे. ती गोष्ट इतकी सर्वमान्य झाली की तिच्यासाठी संदर्भ देण्याची गरज कोणाला वाटत नाही. पद्धत वापरली की मात्र प्रत्येक वेळी तळटीप द्यावीच लागते.

लाउरींचा पेपर कमी प्रतीचा होता असं मी म्हणत नाही. चांगली पद्धत हजारो प्रयोगशाळांचं काम सोपं करते आणि मला तर असे पेपर लिहिणाऱ्यांबद्दल जास्तच आदर आहे. मुद्दा असा की पद्धतीचा पेपर, रिव्ह्यू (म्हणजे इतरांच्या संशोधनाचा आढावा घेणारा लेख), उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं, रोगांची आकडेवारी आणि मूळ प्रयोग, या पाच प्रकारांना मिळणारी सायटेशन एकाच रांगेत मोजता येत नाहीत. रिव्ह्यूचं बघा. प्रस्तावनेत 'हे सर्वज्ञात आहे' असं लिहून संदर्भाचा एक आकडा टाकायचा असतो, आणि त्या जागी वीस मूळ पेपरांऐवजी एक रिव्ह्यू टाकणं सोयीचं पडतं. प्रयोग वीस जणांनी केले, सायटेशन एकाला. कर्करोगाच्या वार्षिक आकडेवारीचा लेख छापणाऱ्या सीए या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या लेखांना मिळणाऱ्या सायटेशनची सरासरी, दोनशेच्या वर गेला तो मुख्यतः अशाच संदर्भांमुळे.

आणि मग महाप्रकल्प. जगभरच्या रोगांचा भार मोजणाऱ्या अभ्यासांच्या, मोठ्या जनुकीय पाहण्यांच्या पेपरांवर शेकडो नावं असतात. त्यातला प्रत्येकजण आपल्या प्रोफाइलमध्ये सगळी सायटेशन पूर्णच्या पूर्ण घेतो. कोणी नमुने पाठवलेले असतात, कोणी एका देशाची आकडेवारी तपासलेली असते. हे काम खरं असतं, आवश्यक असतं. पण त्यावरून त्या माणसाच्या प्रयोगशाळेत काय शिजतं आहे ते कळत नाही.

म्हणून पहिल्या शास्त्रज्ञाची यादी सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा आणि वरचे दहा पेपर बाजूला काढा. समजा, त्यातले तीन पेपर महाप्रकल्पांचे निघाले आणि त्यांची मिळून ५,००० सायटेशन आहेत. दोन रिव्ह्यूंची २,५००. उरली ४,५००, आणि तीही २०५ पेपरांमध्ये वाटलेली. सरासरी बाविसाच्या आसपास. दुसऱ्याच्या ५८ पेपरांत रिव्ह्यू तीनच असतील आणि त्यांची सायटेशन ३०० असतील, तर उरलेल्या ५५ ची सरासरी चाळीसच्या वर जाते. हा हिशेब मी कल्पनेने मांडला आहे, तुमच्या दोघांचा प्रत्यक्षात वेगळाही निघेल. पण असे निकाल मी इतक्या वेळा पाहिले आहेत की ढीग न फोडता पुढे जाणं मला जमतच नाही.

ढीग फोडताना नावांचा क्रम वाचा. जैववैद्यकात पहिलं नाव सहसा ज्याने हाताने प्रयोग केले त्याचं असतं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं, जो बहुधा करस्पाँडिंग ऑथरही (पेपरबद्दलच्या पत्रव्यवहाराला जबाबदार लेखक) असतो. मधली नावं म्हणजे मदत, नमुने, एखादं उपकरण, कधी नुसती मैत्री. गणितात किंवा अर्थशास्त्रात नावं अनेकदा अकारविल्हे लावतात, तिथे हे वाचन लागू पडत नाही; इथे पडतं. बरीच जर्नलं आता शेवटी 'कोणी काय केलं' हेही छापतात. ते दोन ओळींचं टिपण लोक वाचत नाहीत, तुम्ही वाचा. २१० पैकी १३० पेपरांत त्या शास्त्रज्ञाचं नाव मधे कुठेतरी असेल, तर त्याच्या स्वतःच्या प्रयोगशाळेचं काम ८० पेपरांचं आहे. जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जी जागतिक क्रमवारी प्रसिद्ध केली, जिच्यावरून 'जगातल्या पहिल्या २ टक्के शास्त्रज्ञांत निवड' अशा बातम्या येतात, तिच्या गुणांकनात एकट्याने, प्रथम आणि शेवटचा लेखक म्हणून लिहिलेल्या पेपरांची सायटेशन वेगळी धरलेली आहेत. बातमीत मात्र फक्त टक्केवारी येते. त्याच तक्त्यात स्वतःची सायटेशन धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे असतात. स्वतःच्या आधीच्या कामाचा संदर्भ देणं साहजिक आहे, सलग एका प्रश्नावर काम करणाऱ्याला ते टाळताही येत नाही. प्रमाण पाव हिश्शाच्या वर गेलं की मात्र मी यादी जरा हळू वाचते.

जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर जास्त वेळ घालवू नका. जर्नलमध्ये मागच्या दोन वर्षांत आलेल्या लेखांना या वर्षी सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढंच तो सांगतो. सरासरी काही मोजक्या पेपरांनी ओढलेली असते. मोठ्या जर्नलांमधले सुद्धा ६५ ते ७५ टक्के लेख आपल्याच जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या खाली असतात. ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २००९ मध्ये दोनच्या आसपासून एकदम पन्नासजवळ गेला होता, कारण शेल्ड्रिक यांचा शेलएक्स संगणकप्रणालीवरचा एकच लेख सगळे सायट करत होते. त्या वर्षी तिथे छापलेल्या बाकीच्यांचं काम काही पंचवीसपट सुधारलं नव्हतं. नेमणुकांमध्ये इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१३ पासून आहे आणि हजारो संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत. सही केलेल्या संस्थांच्या मुलाखतींमध्येही हा आकडा विचारला जातो, ते असो.

आता ज्या पायरीपर्यंत फार थोडे जातात ती. सायट करणारं वाक्य उघडून वाचा.

१९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामकं दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन लागल्याची नीट नोंद झालेले फक्त चार सापडले, असं त्यात होतं. २०१७ मध्ये त्याच जर्नलने त्या पत्राच्या सायटेशनची छाननी प्रसिद्ध केली. एकूण ६०८ सायटेशन. त्यातल्या ७२ टक्के लेखकांनी पत्राचा आधार घेऊन 'या औषधांनी व्यसन क्वचितच लागतं' असं म्हटलं होतं. सुमारे ८१ टक्क्यांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्या पत्रात चकार शब्द नव्हता. सहाशे सायटेशन मिळालेलं पाच वाक्यांचं पत्र कोणत्याही प्रोफाइलवर झळकलं असतं. ती सायटेशन वाचली तर कळतं की बहुतेकांनी मूळ पत्र वाचलेलंच नसावं.

तुमच्या विषयातलंच दुसरं उदाहरण. २००६ मध्ये नेचरमध्ये आलेल्या एका पेपरने उंदरांच्या मेंदूतल्या ॲमिलॉइड-बीटा या प्रथिनाच्या एका विशिष्ट पुंजक्यामुळे स्मरणशक्ती बिघडते असा दावा केला. दोन हजारांहून जास्त सायटेशन झाली. २०२२ मध्ये त्यातल्या प्रतिमांवर जाहीर शंका घेतल्या गेल्या आणि २०२४ मध्ये पेपर मागे घेतला गेला. मागे घेतला म्हणून त्या सायटेशनची संख्या कमी होत नाही. विरोधात लिहिणाऱ्याचं सायटेशनही बेरजेतच जातं, आणि 'आम्हाला हा निकाल मिळाला नाही' असं लिहिणाऱ्याचंसुद्धा.

तर दोघांचंही नाव शेवटी किंवा पहिलं असलेले, रिव्ह्यू नसलेले, सर्वाधिक सायटेशनचे पाच पेपर घ्या. प्रत्येकाला सायट करणारे दहा पेपर उघडा, आणि त्यात स्वतःच्याच गटाचे धरू नका. संदर्भ प्रस्तावनेत आलाय की पद्धतींत की निष्कर्षांच्या चर्चेत, ते बघा. प्रस्तावनेतलं, एका कंसात आठ आकड्यांमध्ये दाबलेलं सायटेशन म्हणजे नुसती हजेरी. पद्धतींत आलं तर कोणीतरी त्यांचं काम प्रत्यक्ष वापरलं आहे. निष्कर्षांत 'आम्हालाही तेच दिसलं' असं दुसऱ्या खंडातल्या गटाने लिहिलं असेल, तर माझ्या लेखी ते एक वाक्य शंभर हजेऱ्यांपेक्षा जड आहे. आयसाइटवर त्या पेपरला क्लिनिकल चाचण्यांनी किंवा मार्गदर्शक तत्त्वांनी सायट केलंय का हेही दिसतं. मूलभूत संशोधन रुग्णापर्यंत पोचू लागल्याची ती पहिली खूण.

आकडे लहान असतील तर घाईने निकाल देऊ नका. कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांचा आरएनएच्या बदललेल्या घटकांबद्दलचा (न्यूक्लिओसाइड) पेपर २००५ मध्ये इम्युनिटी या जर्नलमध्ये आला तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. त्याच कामावर पुढे कोव्हिडच्या एमआरएनए लसी उभ्या राहिल्या आणि २०२३ चं नोबेल मिळालं. कारिकोंची तर १९९५ मध्येच विद्यापीठात पदावनती झालेली होती. अर्थात, कमी सायटेशनचा प्रत्येक पेपर असा झोपलेला हिरा नसतो. बहुतेक पेपर कमी सायट होतात कारण त्यात सांगण्यासारखं कमी असतं. पेपर वाचल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही, आणि त्याला कोणताही इंडेक्स पर्याय नाही.

तुमच्यासाठी एक गोष्ट या सगळ्याहून महत्त्वाची आहे, आणि ती सायटेशनमध्ये नाही. दोघांच्या मागच्या सात-आठ वर्षांच्या पेपरांतली पहिली नावं एका कागदावर लिहा. ते विद्यार्थी आणि पोस्टडॉक. किती जणांचं नाव पहिलं म्हणून एकदा तरी आलं? आल्यापासून पेपर छापून येईपर्यंत किती वर्षं लागली? तिथून ते कुठे गेले, आणि आता स्वतःच्या नावाने काम करतायत का? मोठ्या प्रयोगशाळेत वर्षाला पंधरा पेपर निघतात, पण पहिली नावं तीच ती तीन असतील तर तुमचा नंबर मधल्या नावांत लागेल हे आत्ताच समजून घ्या. लहान प्रयोगशाळेत पाच वर्षांत चार जण आले आणि चौघांचेही स्वतःचे पेपर निघाले, तर २४ चा एच-इंडेक्स तुम्हाला अडवणार नाही. आणि त्या यादीतल्या दोघा-तिघांना मेल टाका. सोडून गेलेल्यांना आधी, अजून तिथेच असलेल्यांना नंतर.

होकार कळवण्याआधी दोन्ही नावं रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांच्या, यादीत शोधा. २०२३ पासून ती सगळ्यांसाठी खुली आहे. नाव सापडलं तर कारण वाचा: आपणहून चूक कळवून मागे घेतलेला पेपर आणि चौकशीनंतर मागे घ्यावा लागलेला पेपर यांत मोठं अंतर असतं, आणि पहिल्या प्रकारच्या माणसाकडे मी तरी बिनधास्त जाईन.